नौपाड्यातली लाट

लग्नानंतर चौथ्या वर्षी माझ्या यजमानांनी ठरवलं, की मी शिक्षिकेची परीक्षा द्यायची. ते ठाण्याच्या इंग्रजी शाळेत मास्तर होते. सासूबाईंनी पंधरा दिवस अबोला धरला, मग एके दिवशी त्यांनी आपण होऊन दुपारची भांडी घासायला घेतली आणि मला म्हणाल्या, "जा, बस पुस्तक घेऊन."

भाषा, गणित, भूगोल हे मला जड गेलं नाही. अडलं ते पदार्थविज्ञानात, तरफेपाशी. यजमानांनी एक लाकडी पट्टी मधोमध दोरीनं टांगली आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खाचा पाडल्या. एकीकडे मधून दुसऱ्या खाचेत शेराचं वजन, दुसरीकडे चौथ्या खाचेत अर्ध्या शेराचं. पट्टी आडवी, स्तब्ध राहिली.

"कशी राहिली?" त्यांनी विचारलं.

"वजन गुणिले अंतर, दोन्हीकडे सारखं," मी म्हटलं.

"ते झालं. पण का? अर्धा शेर शेराला कसा पेलतो?"

मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. ते रागावले नाहीत. "तुला पाठ झालंय, कळलेलं नाही," एवढंच म्हणाले. मला फार लागलं ते, कारण ते खरं होतं.

त्याच आठवड्यात मी नौपाड्यातल्या आमच्या घराशेजारच्या बागेत भाजी आणायला गेले. बाग एका आगरी कुटुंबाची होती. पुरुष खाडीकाठच्या मिठागरात जात आणि बाग घरची बाई बघे. विहिरीवर पाणी काढायला लाट होती, म्हणजे खांबावर आडवं टाकलेलं लांब लाकूड. त्याच्या एका टोकाला बांबूनं पोहरा अडकवलेला आणि दुसऱ्या टोकाकडे मोठा दगड बांधलेला. भरलेला पोहरा वर येताना तो दगड खाली जाऊन हात देई.

त्या दिवशी जुना मातीचा पोहरा फुटला होता आणि त्या जागी मोठी लोखंडी बादली लावली होती. बाई ओढून ओढून घामाघूम झाली होती. तिचा दीर म्हणाला, "वैनी, दुसरा दगर बांधू?"

"नको," ती म्हणाली. तिनं दगडाची दोरी सोडली, दोघांनी मिळून तोच दगड हातभर मागे, अगदी टोकाकडे सरकवला आणि पुन्हा आवळून बांधला. बादली सहज वर आली.

"दगड तर तोच आहे," मी म्हटलं.

"दगर तोच हाय, बाय. आता त्याला लांब चालाय लागतं."

मी भाजी खाली ठेवली आणि बघत राहिले. मघाशी बादली विहिरीत बुडाली की दगड माझ्या कमरेइतका वर यायचा. आता तो छातीपर्यंत येत होता, आणि बादली वर येताना तेवढाच खाली उतरत होता. वजन वाढलं नव्हतं, वाट वाढली होती. मी घरी आले ती जवळजवळ धावतच. पट्टी टांगली, बोटानं किंचित कलती केली आणि पाहिलं. शेर एक बोट वर चढला, तेव्हा अर्धा शेर दोन बोटं खाली उतरला. मी कितीतरी वेळ ती पट्टी खालीवर करत बसले होते. सासूबाई दारातून बघून गेल्या.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकी तशीच पट्टी पुढे केली. मी वजनं लावली, नियम सांगितला. ते वयस्कर गृहस्थ म्हणाले, "हे पुस्तकात आहे. हलकं वजन जडाला धरून कसं ठेवतं, ते सांगा."

मी पट्टी कलती केली. "जडाला एक बोट वर जायचं, तर हलक्याला दोन बोटं खाली यावं लागतं. अंगानं ते निम्मं आहे, पण चालतं दुप्पट. दोघांचे श्रम सारखे होतात, म्हणून कोणी कोणाला ओढू शकत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "हे यजमानांनी शिकवलं?"

"नाही. शेजारच्या बागायतदार बाईंनी."

"त्या शिकलेल्या आहेत?"

"त्यांना अक्षर येत नाही," मी म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

बाहेर यजमान उन्हात उभे होते. मी काय उत्तर दिलं ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला हे असं सांगता आलं नसतं." इतक्या वर्षांत त्यांनी माझी पुष्कळ स्तुती केली, पण या वाक्याची सर दुसऱ्या कशाला आली नाही.

मी पास झाले आणि कल्याणच्या मुलींच्या शाळेत नेमणूक झाली. पहिल्या दिवशी चौदा मुली होत्या, निम्म्यांची लग्नं झालेली. त्यांनी उभं राहून मला "बाई" म्हटलं. त्या वेळचा अभिमान मी विनय म्हणून पुष्कळदा झाकून ठेवला. आता ठेवत नाही. त्या दिवशी मी ताठ मानेनं खुर्चीवर बसले.