भाऊनं आणलेला चढाईवाला

अकोल्याच्या गाडीचा कंडक्टर दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. खांद्याला तिकिटांची पेटी तशीच लटकलेली. आमच्या ह्यांच्या खेळाच्या दिवसांपासूनचा ओळखीचा माणूस. अमरावतीच्या स्टँडवर गाडी लागली की अधूनमधून घरी चक्कर टाकायचा, भाऊचा काही निरोप असला तर सांगायचा, चहा घेऊन जायचा. त्या दिवशी पाण्याचा पेला पुढं केला तरी हात पुढं करेना. "बाई, वामनभाऊ गेले... आज सकाळी," एवढंच म्हणाला आणि परतीच्या गाडीत दोघांची जागा धरून ठेवतो म्हणून निघून गेला. मी पेला खाली ठेवला आणि पुन्हा सूप ओढून ज्वारी निवडायला लागले. असं का केलं ते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

त्याला आता दोनेक महिने होत आले. भाऊ म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, वामन. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या गेटवर कापसाच्या गाड्या आत सोडायचं काम करायचा. हंगामात दिवसभर रुई उडायची, केसांवर, भुवयांवर बसायची, आणि ह्या माणसाला लहानपणापासूनचा दमा! वडील लवकर गेले, घर त्याच्यावर पडलं, दुसरं काम शोधायला फुरसत मिळाली नाही. आणि नाद कशाचा लागावा? तर हुतुतूचा. एका दमात समोरच्यांच्या अंगणात घुसायचं, तोंडानं हुतुतू चालू ठेवायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत मधली रेघ गाठायची, असा तो खेळ. विहिरीवरून एक घागर आणली तर अर्धा घंटा बसून राहणाऱ्या माणसानं दुसरा कुठला तरी खेळ धरावा की नाही? मी लहान असताना एकदा घरात कोणी नाही असं पाहून त्यानं अंगणात काडीनं रेघ ओढली आणि चढाई करून पाहिली. चार पावलांत खोकत खाली बसला. मी दारामागून पाहत होते. डोळे पुसत मला म्हणाला, "सांगशील कोनाले तं पाह्य!" मी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

आमच्या वस्तीचं मंडळ होतं आणि दिवाळीपासून होळीपर्यंत सामने चालायचे. होळी झाली, ऊन तापलं, मैदानं ओस पडली की मग आमच्या ओट्यावर खरा खेळ सुरू व्हायचा. संध्याकाळी ओट्यावर पाणी मारायचं, पोतं अंथरायचं आणि पुढच्या साली कोणाला ठेवायचं, कोणाला बसवायचं, कोणाला कुठून आणायचं यावर तावातावानं भांडायचं. भाऊ, फॅक्टरीतले गठाणी उचलणारे गुलाबराव, कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीवाले रहीमचाचा, आणखी येणारेजाणारे. चिंचोके मांडून संघ उभा करायचे. "हा कोपऱ्यातला गडी आता जाड झाला, पकडीत मागं राह्यते," असं एकानं म्हणायचं की दुसरा उसळलाच. "अबे, मागच्या साली सगळे बाद झाले असते, तो लोण कोनानं वाचवला होता?" रहीमचाचा तर रागानं चिंचोका उचलून खिशातच घालायचे, म्हणजे तो गडी बसवलाच समजा. गंमत अशी की ह्यातलं काहीएक मंडळाचा कॅप्टन ऐकत नसे. त्याला ठाऊकसुद्धा नसेल. आई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! यायले कोन इचारते वं?" कोणी विचारत नव्हतं हे खरंच. पण ओट्यावर बसलेल्यांचे चेहरे असे, की जिल्ह्याचा कारभार त्यांच्याच हातात आहे.

दिगंबर हे नाव त्या ओट्यावर मी तीन उन्हाळे ऐकलं. अमरावतीच्या संघाचा चढाईवाला. दरसाली शेवटच्या सामन्यात आमच्या पोरांना लोळवून जायचा आणि दरसाली भाऊ त्याची तारीफ करायचा, ती ऐकून गुलाबराव चिडायचे. भाऊचं म्हणणं एकच... "तो मानूस आपल्याकडं पायजे." शेवटी तेही झालं, म्हणजे होत आलं. भाऊनं फॅक्टरीत हातापाया पडून त्याच्यासाठी फिटरच्या हाताखालची जागा पाहिली, अमरावतीला जाऊन आला. पण दिगंबर विधवा आईचा एकुलता एक. म्हणाला, अनोळखी गावात खेळासाठी येऊन काय करू? भाऊ तोंड पाडून परत आला. त्या संध्याकाळी ओट्यावर कोणी चिंचोके मांडले नाहीत. मग गुलाबराव बोलले, अगदी थट्टेत बोलले, "सोयरीक करा राजेहो! सासुरवाडीचा संघ सोडून जवाई कुठं जाते?" सगळे खो खो हसले. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. भाऊ हसला नव्हता. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि मला काय ते कळलं.

मी तेव्हा दहावी संपवली होती. पुढच्या साली अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. वर्गात आमच्या वस्तीतली मी एकटी. दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झालेली, घरातले जुने देव गेले होते आणि त्या जागी फोटो आला होता, शिका म्हणून सांगून गेलेल्या माणसाचा. त्या फोटोखाली बसून मी भूमिती घोकायची, मास्तरीण व्हायचं म्हणून. भाऊच मला पाटी-पुस्तकं आणून द्यायचा, परीक्षेच्या दिवशी शाळेपर्यंत सोडायला यायचा, वाटेत दोनदा थांबायचा. आणि त्याच भाऊनं, त्याच फोटोखाली, महिन्याभरात माझं लग्न लावलं! पत्रिका-मुहूर्त आमच्यात आता राहिले नव्हते, त्यामुळं अडवायलाही काही नव्हतं. हळदीला बायका मला चिडवायच्या, "लोकं हुंडा देतात, वामननं बहीन मंडळाच्या वर्गणीत देली!" मीही हसले. काय करता! आतून मात्र अशी चरफडत होते की त्या हळदीच्या वाटीत तोंड घालून रडावं.

संसार दोन गल्ल्या सोडून थाटला. दिगंबर, म्हणजे ज्यांचं नाव मी एरवी घेत नाही ते हे, आमच्या मंडळाकडून खेळू लागले आणि आमचं मंडळ जिंकू लागलं. भाऊ मैदानाच्या कडेला उकिडवा बसायचा. ह्यांची चढाई सुरू झाली की त्याचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. हे रेघेवर परत आले की मगच तो श्वास घ्यायचा, आणि पुढचा सगळा वेळ खोकत राहायचा. मी पदराआडून दोघांकडंही पाहायची. राग यायचा आणि त्याच्या खोकण्यानं जीवही तुटायचा. दोन्ही एकाच वेळी होतं बरं का, लोकांना उगाच वाटतं की माणूस एका वेळी एकच काय ते करतो.

मग एका सामन्यात ह्यांचा गुडघा गेला. बरा झाला म्हणता म्हणता पुन्हा सुजला. त्या उन्हाळ्यात मी माहेरी होते, मोठी मुलगी मांडीवर, आणि बाहेर ओट्यावर माझ्याच नवऱ्याचा निकाल लागत होता. गुलाबराव म्हणत होते, ठेवू, नाव तरी राहील. रहीमचाचा म्हणत होते, एक साल देखो. सगळे भाऊच्या तोंडाकडं पाहत होते, कारण जावई त्याच्या घरचा. भाऊ म्हणाला, "बसवा त्याले. पाय जाईन त्याचा." मुलीला तशीच कडेवर घेऊन मी ओट्यावर आले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "आता त्यायले बसोलं, मंग मले बी बसवनार का भाऊ? ज्याच्यासाठी देलं ते तं संपलं!" गुलाबरावांनी खाली पाहिलं. पुढल्या साली सासूबाई थकल्या म्हणून आम्ही अमरावतीला आलो, ते इथंच राहिलो.

अमरावतीला दोन लेकरांची आई असताना मी मॅट्रिक झाले. ते ह्यांच्यामुळं. संध्याकाळी मुलं हे सांभाळायचे, भाकरीसुद्धा थापायचे, वेड्यावाकड्या! शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. ह्यांना काही नाही. निकाल कळला तेव्हा भाऊ एस.टी.नं पेढे घेऊन आला, पायरीवर बसून दम खाल्ला, मग आत आला. पुढंही येत राहिला. लेकरांना खांद्यावर घ्यायचा दम नव्हता, मांडीवर घेऊन बसायचा. स्वतः लग्न केलं नाही. दमेकऱ्याला पोरगी कोण देतं, असं स्वतःच म्हणून हसायचा. पण ओट्यावरच्या त्या गोष्टीबद्दल तोही कधी बोलला नाही आणि मीही नाही. आई गेली, तेव्हासुद्धा नाही.

ह्या हिवाळ्यात दुखणं वाढलं असं कळलं म्हणून मी अकोल्याला गेले. मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर कोपरं टेकून, पुढं वाकून बसला होता. आडवं होता येत नव्हतं. गळ्याची हाडं वर आलेली. मी पेज केली, तिचे त्यानं दोन घोट घेतले. मग म्हटलं, आता नाही तर कधी! "भाऊ, खरं सांग. मले खेळासाठी देलं का?"

त्यानं मान वर केली नाही. बराच वेळ नुसता आवाज येत राहिला छातीतून.

"हो," म्हणाला.

मी थांबले. पुढचं येईपर्यंत थांबावंच लागायचं त्याच्यासमोर.

"पन मानूस पाह्यला होता मी... खेळातच पाह्यला. आपल्या चढाईवाल्या पोराचं बोट लागलं त्याले... नुसतं लागलं. पंचाले दिसलं नाही, कोनालेच दिसलं नाही... तो सोताच बाहीर जाऊन बसला. शेवटचा सामना होता, सुमे. मी म्हटलं... हा घरात खोटं बोलनार नाही."

हे खरंच होतं. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. डोळे भरून आले, तरी मी सोडलं नाही. म्हटलं, "मंग मले काहून नाही इचारलं?"

"इचारलं असतं तं... काय म्हटली असती?"

"नाहीच म्हटलं असतं. मले शिकाचं होतं."

"म्हनूनच..." तो म्हणाला. "म्हनूनच नाही इचारलं."

एवढं बोलून त्यानं उशीवर डोकं टेकलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मणका न मणका हाताला लागत होता. माय वं, मरणाच्या दारात तरी माणसानं थोडं खोटं बोलावं की नाही? तुझ्या भल्यासाठी केलं, म्हणाला असता तर मी मानलं असतं. मानायला तयार होऊनच तर गेले होते. पण तो आमच्या ह्यांच्यासारखाच निघाला, कोणाला दिसलं नव्हतं तरी स्वतःच बाहेर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला परतले. निघताना "येत जा," म्हणाला. मग कंडक्टरच आला.

अकोल्याला भाऊच्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती लोटली. गाथा झाल्या, लोक जेवून गेले, संध्याकाळी ओट्यावर जुनेच तेवढे उरले. गुलाबराव आता काठी घेऊन चालतात, रहीमचाचांना कमी दिसतं. शेवटी, दुसरं काय करणार, पुढच्या सालच्या संघावर आले. मला राग नाही आला. रडण्यापेक्षा ते बरं होतं. बाळापूरचा कोणी पोरगा आहे म्हणे, अठरा-एकोणीसचा, दम असा की ऐकत राहावं. त्याला आणायचा. कसा आणायचा, तर गेटवरची भाऊची जागा रिकामी झाली आहे, मालकाला सांगून तिथं चिकटवायचा. रुईत. गुलाबराव एवढं बोलले आणि थांबले. रहीमचाचाही थांबले. सगळेच थांबले. प्रथम मला कळेना काय झालं, मग लक्षात आलं. इतकी वर्षं महत्त्वाच्या मुद्द्यावर भाऊ बोलायचा आणि त्याला श्वास जमवायला वेळ लागायचा, तेवढा वेळ ही माणसं मुकाट्यानं थांबायची. आत्ताही तशीच थांबली होती. मध्ये कोणी बोलेना, खाकरेना. ती जागा कोणाला भरता येईना. मी दाराची चौकट धरली.

मग मीच ओट्यावर जाऊन बसले.

"त्या पोराले इचारलं का कोनी?" मी म्हटलं.

गुलाबरावांनी माझ्याकडं पाहिलं. "इचारू की, बाई. पन इचारलं अन् तो नाही म्हटला तं?"

"तं नाही," मी म्हटलं.