डावीकडच्या सीटवरून

भूतखेत, संकेत, साक्षात्कार असं काही निघालं की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. अलिबागला कॉलेजात फिजिक्स शिकवते, पुरावा मागायची खोडच आहे. म्हणून तर हे लिहायला दीड वर्ष लागलं...

बाबा नौदलात फायटर पायलट होते. एकाहत्तरच्या युद्धात विमानवाहू जहाजावरून उडायचे. निवृत्तीनंतर मुरूडजवळच्या आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत रमले. युद्धाबद्दल फारसं बोलत नसत, पण मला गाडी शिकवताना एक गोष्ट हटकून सांगायचे. जहाजावर उतरताना चाकं डेकला टेकली की पॉवर कमी करायची नाही, उलट पूर्ण द्यायची. विमानाच्या शेपटीचा हूक डेकवरच्या तारेत अडकला तर तार थांबवतेच. नाही अडकला, तर लगेच पुन्हा उडता आलं पाहिजे. "टेकलो म्हणजे पोचलो असं समजणारा समुद्रात जातो," म्हणायचे.

पुढचं एकदाच बोलले. हल्ला करून परतताना त्यांच्या आधी उतरणाऱ्या मित्राने टेकताच पॉवर कमी केली. हूक अडकलाच नव्हता. बाबांना वरून दिसत होतं, पण रेडिओवर अवाक्षर काढायचं नाही असा युद्धातला हुकूम. ते गप्प राहिले आणि मित्राचं विमान डेकवरून सरळ पाण्यात गेलं. "एक शब्द बोललो असतो तर..." मी मित्राचं नाव विचारलं, तर उठून वाडीत निघून गेले. ते नाव आमच्या घरात मी कधीच ऐकलं नाही.

बाबा गेले, तेव्हा अस्थी हरिहरेश्वरला न्यायच्या ठरल्या. गाडी मी चालवत होते, आई मागे. पुढच्या डाव्या सीटवर कलश. आईने त्याला सीटबेल्ट लावला. "मागे बसवलं की चिडतात," म्हणाली, आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो.

आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवली. दिघीला पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. बोटीची गाड्या उतरवायची लोखंडी फळी जेटीच्या उतारावर टेकली, खलाशाने हात केला, मी गाडी पुढे घेतली. पुढची चाकं जेटीवर आली, मागची अजून फळीवर... आणि लांबून गेलेल्या मालवाहू बार्जची मोठी लाट आली. बोट मागे सरकायला लागली. गाडीचा मागचा भाग खाली बसला. आरशात आईचा चेहरा दिसला, त्यामागे नुसतं पाणी.

"ब्रेक मारा ताय, ब्रेक!" खलाशी ओरडला. माझा पाय उचललाही गेला. जेटी लागली, आता थांबायचं – एवढंच डोक्यात.

तेवढ्यात डावीकडून, अगदी कानाशी –

"पॉवर, नंदू. पूर्ण दे."

बाबांचा आवाज. गाडी शिकवतानाचा, तसाच शांत. पाय ॲक्सिलरेटरवर तळापर्यंत गेला, मी नेला असं म्हणवत नाही. चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरली, जळक्या रबराचा वास आला, मग पकड मिळाली आणि गाडी उसळून वर आली. मागे फळी धाडकन पाण्यात पडली.

खलाशी धावत आला, घामाघूम. "बरं झालं, माझं ऐकलंत न्हाय," म्हणाला. "ब्रेक मारला असता तर गाडी मागंच गेली असती."

तो गेल्यावर आईने हळूच विचारलं, "हे 'नंदू' असंच म्हणाले ना?"

आवाजाबद्दल मी अजून काहीच बोलले नव्हते. मला घरात नंदू कोणी म्हणत नाही. कोण नंदू, एवढंच विचारलं.

"तोच मित्र. पाण्यात गेलेला. हे नाव घरात काढायचं नाही, असं लग्न झाल्या झाल्या मला बजावलं होतं."

घाबरलेला मेंदू जुना आवाज उकरून काढतो, हे मला मान्य आहे. वर्गात मीच सांगीन. पण जे नाव मला माहीतच नव्हतं, ते त्याने कुठून काढलं? आणि आईलाही तेच कसं ऐकू आलं? दीड वर्ष झालं, मी उत्तर शोधतेच आहे. तुमच्याकडे असेल तर सांगा, पण आईसमोर नको.

हरिहरेश्वरला अस्थी सोडताना ती मंत्रबिंत काही म्हणाली नाही. रिकामा कलश पाण्यात हलवत एवढंच म्हणाली, "बोललात ना एकदाचे."