इंटिग्रलचं शेपूट

एका स्टाफरूममध्ये चार-पाच वर्षं चहा पीत बसलं की किस्से आपोआप साचतात. आमचं कॉलेज कोलकात्यात, बालीगंजला, विभाग गणिताचा. त्यामुळे आमचे सगळे किस्से एका चिमुकल्या dx वरून! इंटिग्रलच्या शेपटीला लिहितात ना, तोच.

विभागप्रमुख भट्टाचार्यबाबूंच्या मते ती नुसती खूण, कोणत्या अक्षराने इंटिग्रेट करायचं एवढं सांगणारी, एरवी ती नाहीच. म्हातारे सेनबाबू म्हणत, "खूण कसली मोशाय! आकृतीच्या बारीक पट्ट्या कापल्या, त्यांची रुंदी ती." दोघांची जुंपली की आम्ही ज्युनिअर लोक चहा अर्धा टाकून वर्गावर पळायचो.

एका मुलाने पेपरात dx लिहिला नाही. भट्टाचार्यबाबूंनी सरळ शून्य दिलं. तो रडकुंडीला आला.

"सर, उत्तर तर बरोबर आहे!"

"आहे ना. पण प्रश्न कुठाय?"

एकदा सेनबाबूंनी फळ्यावर अपूर्णांकातल्या वरच्या dx ने खालचा dx खाडकन कापला. नेमके भट्टाचार्यबाबू दारात!

"सेनबाबू, काय कापलंत?"

"तुमच्या मते जे नाहीच, ते!"

त्यानंतर दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत दोघांचा चहा वेगवेगळ्या टेबलांवर.

माझ्याही वर्गात एकाने विचारलं, "सर, ही रुंदी शून्य आहे का?" म्हटलं, "नाही." "मग उत्तरात तेवढी चूक राहणार?" मी घंटेची वाट बघू लागलो. ती काही वाजेना!

पण खरा घाम फुटला तो केळकरच्या वेळी. आमचा हा सांगलीचा केळकर टेंपररी होता. पर्मनंट झाला तर बायकोला इकडे आणणार, नाहीतर गाशा गुंडाळून परत. आणि मुलाखतीला समोर हेच दोघे! टिपणं लिहायला मी कोपऱ्यात, जीव मुठीत धरून.

भट्टाचार्यबाबूंनी पहिलाच प्रश्न टाकला, "मिस्टर केळकर, dx म्हणजे काय?"

सेनबाबू खुर्चीत पुढे सरकले. खूण म्हणावं तर हे नापास करणार, रुंदी म्हणावं तर भट्टाचार्यबाबू! मला केळकरची कीव आली आणि त्या दोघांचा संताप आला.

केळकर उठला. फळ्यावर इंटिग्रलचं चिन्ह काढलं, त्यापुढे x आणि t शेजारीशेजारी लिहिले आणि तिथेच थांबला. मग दोघांसमोर खडू धरला. "सर, एवढं सोडवून द्या."

"कोणत्या अक्षराने?" भट्टाचार्यबाबू म्हणाले.

त्याच क्षणी सेनबाबू ओरडले, "रुंदी कुठाय?"

"तुम्हा दोघांना जे कमी पडतंय ना सर, तेच dx!"

भट्टाचार्यबाबू माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लिहा, पर्मनंट."