सुकाणूवरचा हात

बायकांच्या शर्यतीत मी सुकाणूला हात लावला, हे आधीच सांगून टाकतो. त्या शर्यतीचा नियम एकच होता. होडी बाईने हाकायची. नवऱ्याने पुढे बसून शिडाची दोरी ओढायची, आत आलेलं पाणी उपसायचं, हवं तर सल्ला द्यायचा. पण सुकाणूचा दांडा धरायचा नाही. धरला तर होडी बाद. हा नियम टंकून क्लबच्या फलकावर मीच लावला होता, कारण त्या वर्षी शर्यतींचा सेक्रेटरी मी होतो.

हे साठ सालच्या आसपासचं. बंगलोरच्या कॅन्टोन्मेंटच्या बाजूच्या एका तळ्यावर आमचा क्लब होता. साहेब लोक मागे सोडून गेलेल्या लाकडी होड्या, पत्र्याचं छप्पर आणि बसल्यावर कुरकुरणाऱ्या वेताच्या खुर्च्या. मी पुण्याहून आलेला, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बंगलोरला ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा भरवशाचा असतो, म्हणून सगळ्या शर्यती त्याच महिन्यात. शनिवार-रविवार शर्यती, मधल्या वारी तांबोला, मद्रासहून येणाऱ्या संघाला जेवण, मुलांची वेषभूषा, एक नाच, आणि शेवटच्या रविवारी बायकांची शर्यत नि बक्षीस समारंभ. सेक्रेटरीने सगळीकडे हजर राहायचं. कारखाना सुटला की सायकल मारत तळ्यावर जायचं, खुणेची लाल पिंपं ओढत नेऊन पाण्यात जागच्या जागी बांधायची, फाटलेली शिडं शिंप्याकडे धाडायची आणि संध्याकाळी लोकांच्या विनोदांना हसायचं. महिना अर्धा सरेपर्यंत मी जेवताना पेंगायला लागलो होतो. घरात श्रावण चालू आहे हे मला पानातल्या खिचडीवरून कळायचं.

बायको बंगलोरचीच. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. वडील तिचे अण्णा, थोरली बहीण अक्का, आणि बोलण्यात कन्नड शब्द मिसळलेले. मी ते चारचौघांत सुधारत असे. ‘स्वल्प काय म्हणतेस, जरा म्हण.’ ती हसून सोडून देई. क्लबमध्ये कमिटीवाल्यांच्या बायकांकडे चहाचं काम असायचं. तीन वर्षं ती बटाटेवड्यांचा डबा आणि थर्मास घेऊन काठावर बसून शर्यती बघत आली होती.

त्या वर्षी बायकांच्या शर्यतीला होड्या कमी पडत होत्या. मी तिचं नाव घातलं आणि घरी येऊन सांगितलं.

“मला विचारलं कुठे तुम्ही?”

“विचारायचं काय त्यात? एक होडी कमी पडत होती. तू नुसती दांडा धरून बस. मी सांगेन तसं कर.”

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, लाटणं मागे धरून.

“दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते ना? उलटं का पण?”

मी समजावून सांगितलं. तिने लाटणं इकडे-तिकडे फिरवून पाहिलं. “म्हणजे सुनेला काही सांगायचं तर लेकीला बोलायचं, तसं.”

मग तिने मला तळ्यावर न्यायला लावलं. दोनदाच जमलं, तेही मी अर्धवट झोपेत. पण तिचा हात हलका होता. नवा माणूस दांडा धरून झुंजतो, तसं ती करत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तिला तसं म्हणालो नाही.

शर्यतीला तिचे अण्णा आले. काळा कोट, टोपी, छत्री. ज्या मुलीला त्यांनी लोक हसतील म्हणून सायकल शिकू दिली नव्हती, ती मुलगी पदर खोचून होडीत बसताना ते उभे राहून बघत होते.

दोन पिंपांना वळसे घालून तिसऱ्यापाशी आलो तेव्हा आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. मागे थोड्या अंतरावर आमच्या जनरल मॅनेजरांच्या पत्नीची होडी. आता क्लबपर्यंत वाऱ्याच्या तोंडावर जायचं होतं. होडी सरळ वाऱ्यावर जात नाही. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, असं नागमोडी जावं लागतं. ती उत्तरेच्या काठाकडे निघाली. तिकडे मोठी झाडं होती आणि झाडांखाली वारा पडतो, असं आम्ही सगळे जुने लोक मानत होतो.

“वळव आता,” मी म्हणालो.

“स्वल्प थांबा.”

“अगं, झाडांत अडकशील. वळव.”

“धोब्यांचे कपडे बघा ना. फुगतायत. दर वेळी काठावरून बघते मी, झाडांच्या मधून वारा येतो.”

काठावर धोब्यांच्या दोऱ्या होत्या, हे मला ठाऊक होतं. मी मान वळवून पाहिलं नाही. तेवढ्यात शीड क्षणभर सैल पडलं, आणि मी मागे हात घालून दांडा तिच्याकडून घेतला. तिने लगेच सोडला नाही. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागल्या. मग तिची मूठ सुटली आणि मी होडी वळवली. मागच्या होडीला आमचं शीड आड येत होतं आणि क्लबकडे माझी पाठ होती. कुणाला काही दिसलं नाही. दांडा मी पुन्हा तिच्या हातात दिला. तिने तो धरला, पण पुढे प्रत्येक वळणाला ती माझ्या तोंडाकडे बघून विचारत राहिली, “आता?”

आम्ही जेमतेम पहिले आलो.

धक्क्यावर टाळ्या वाजल्या. अण्णांनी छत्री काखेत धरून टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडे बघत उभी होती. मी बोलेन, म्हणून ती थांबली होती, हे मला त्याच क्षणी कळलं. पण आता बोललो तर कप मॅनेजरांच्या पत्नीला जाणार, आणि लोक म्हणणार, बढतीसाठी बायकोचा कप साहेबाला दिला. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी दमलो होतो आणि मला तो महिना संपायला हवा होता.

परतताना बसमध्ये तिने कप मांडीवर पदराखाली धरला होता.

“आपण बाद होतो ना?”

“कुणी पाहिलं नाही.”

“मी होते ना तिथे.”

त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. अण्णांनी त्यांच्या पेठेत, चामराजपेटेत, घरोघर सांगितलं की आमच्या मुलीने होडीची शर्यत जिंकली. कप रेडिओवर वर्षभर राहिला. पाहुण्यांनी विचारलं की ती म्हणायची, “ह्यांनी जिंकलाय,” आणि चहा ठेवायला आत जायची.

पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच सगळं. पिंपं, तांबोला, हसून हसून दुखणारे गाल. बायकांच्या शर्यतीसाठी नावं घेणाऱ्या बाईंनी तिला गाठलं. “तुम्ही तर हव्यातच. गेल्या वर्षीच्या विजेत्या.”

“मला होडी हाकता येत नाही,” ती म्हणाली. रुसून नाही. मला टंकता येत नाही म्हणावं, तशी.

मी जवळच शिडाची घडी घालत होतो. ते वाक्य मला आठवडाभर सोडेना. तिला येत होतं. येत नाही हे तिला मी शिकवलं होतं.

शर्यतीच्या सकाळी सगळे जमल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं, गेल्या वर्षी मी सुकाणू धरलं, आमची होडी बाद होती, कप दुसऱ्या होडीचा आहे. मॅनेजरांच्या पत्नी मोठ्याने हसल्या. “एवढंच ना? आमच्या यांनी तर दोनदा धरलं होतं. बसा, चहा घ्या.” सगळे हसले. मॅनेजरही हसले. चहा ओतणारी माझी बायको तेवढी हसली नाही.

घरी आल्यावर ती मोरीपाशी थर्मास विसळत बसली. मी दारात उभा राहिलो.

“आज सांगितलं मी सगळ्यांना.”

“ऐकलं. क्लबला सांगितलंत.”

तिने थर्मास उपडा ठेवला.

“मी तशीच पुढे गेले असते तर पोचले असते का हो?”

त्या वर्षभरात मी कितीदा तरी त्या काठाकडे पाहिलं होतं. काही दिवस कपडे फुगलेले असत, काही दिवस नुसते लोंबत असत.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “तुला जाऊ दिलं असतं तर कळलं असतं.”

ती हात पुसत थांबून राहिली. मागच्या वर्षी धक्क्यावर थांबली होती तशीच.

“शर्यतीत तू सगळ्यांच्या पुढे होतीस,” मी म्हणालो. “तरी तुला जमणार नाही असं मी धरून चाललो. नाव घालताना विचारलं नाही, दांडा घेतानाही विचारलं नाही. आणि तू माझ्या बोलण्याची वाट बघत होतीस, तेव्हा गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर.”