नगरची मॅच आणि सॅमीचा डावा खांदा

शिर्डीला जाताना नगरला चहापुरतं थांबायचं आणि घरी येऊन "नगरमध्ये बघण्यासारखं काही नाही" असं ब्लॉगवर लिहायचं, अशा मंडळींचा मला मनापासून राग आहे. गाडीतून खाली उतरायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. मी उतरले होते. तीन दिवस राहिले होते. आणि जे दिसलं त्यातलं बरंचसं माझ्याबद्दलचं होतं, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही.

नव्वदच्या दशकातला, मधला कुठलासा जानेवारी. मी तेव्हा पुण्यात एका कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवत होते. शिकलेही अशाच शाळेत. माझी धाकटी बहीण शालिनी नगरला मिशनच्या कंपाउंडमध्ये राहायची आणि तिचा मुलगा सॅमी कंपाउंडच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. दर सव्वीस जानेवारीला कंपाउंड विरुद्ध कॅम्प, म्हणजे लष्करी छावणीचा भाग, अशी मॅच व्हायची. हरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्यांना हुरडा खाऊ घालायचा, असा रिवाज. ऐकायला गंमत वाटते. त्या काळात नगरमध्ये कुणाला गंमत वाटत नव्हती.

चोवीस तारखेला शालिनीचा एसटीडीवरून फोन आला. आवाज इतका हळू की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"सॅमीचा डावा खांदा दुखावलाय. हात कानाच्या वर जात नाही. तू खांद्याचा पट्टा घेऊन ये."

"नगरात मेडिकलची दुकानं बंद झाली का?"

"ताई, मेडिकलवाला कॅम्पचा आहे! पट्टा घेतला की अर्ध्या तासात तिकडे कळेल. आणि कळलं की सगळे बॉल डावीकडे वरून मारतील. रीनाला घेऊन ये, पण कुठे बोलू नका."

रीना म्हणजे सॅमीची बहीण, पुण्यात हॉस्टेलला होती. पंचवीसला सकाळी आम्ही शिवाजीनगरहून लाल गाडी पकडली. तिकीट चाळीसच्या आत होतं, साडेतीन तास लागायचे. आता रस्ता चौपदरी झालाय, पण शिरूरला चहा आणि कांदाभजी घ्याच. थंडीच्या दिवसांत खिडकी डाव्या बाजूची नको, वारा कानात शिरतो.

तीन जणांच्या बाकावर आमच्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. पायजमा, अर्धा स्वेटर, गळ्यात हिरवा मफलर, पायाशी पेरूंचं पोतं. मी पोतं पुढे सरकवायला लावलं आणि रीनाशी इंग्रजीत बोलायला लागले. आमच्या शाळेत शिकलेल्या बायकांची ही सवयच आहे. मोलकरणीसमोर, भाजीवाल्यासमोर, टांगेवाल्यासमोर घरातलं काही बोलायचं झालं की इंग्रजीचा पडदा ओढून घ्यायचा.

मी इंग्रजीत रीनाला सगळं सांगितलं. डावा खांदा, हात कानापर्यंतच, उजवीकडे खाली अजून चांगला आहे, पण डावीकडे वरून बॉल आला तर संपलं. मग तोंडाला चव आली म्हणून, तेही इंग्रजीतच, म्हटलं, "आणि या आपल्या शेजाऱ्याच्या मफलरला प्रजासत्ताक झाल्यापासून पाणी लागलेलं दिसत नाही." रीना ओढणी तोंडात धरून हसली.

माळीवाडा स्टँडला आम्ही उतरलो आणि टांगा बघत होतो, तेवढ्यात मागून हाक आली. इंग्रजीत. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीला मी दहापैकी दहा दिले असते असं इंग्रजी.

"मॅडम, हा पट्टा आपण सीटवर विसरलात. मुलाला लागेल."

मफलरवाले गृहस्थ पुडकं पुढे करून उभे होते. मी ते घेतलं. पोतं खांद्यावर टाकून ते कॅम्पच्या दिशेला चालते झाले.

कंपाउंडमध्ये पोचलो तर लग्नघर झालेलं. धुतलेल्या जर्सी चिंचेला बांधलेल्या दोरीवर वाळत होत्या आणि कुणी पळवू नये म्हणून खाली दोन म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते. कंपाउंडचा न्हावी कॅम्पच्या गिऱ्हाइकाची दाढी मॅच होईपर्यंत करणार नव्हता. सायकलवरून कॅम्पची पोरं घंट्या वाजवत फाटकापर्यंत यायची.

"ओ कंपाउंडवाले, ज्वारी पाहून ठेवली का? हुरडा भाजायचाय!"

"चटणी तुमच्या घरून आणा! आमची तुम्हाला झेपायची नाही!"

मी शालिनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "हिरवा मफलर, पेरू, इंग्रजी बोलणारे, असं कुणी आहे का गं इथे?"

"सुभेदार! फौजेतून निवृत्त झालेत, ऑफिसर्स मेसमध्ये होते. तू कुठे पाहिलंस? ताई, तेच तर कॅम्पचे कोच!"

रीनाने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.

संध्याकाळी सॅमी पट्टा बांधून बघत होता. एकवीस वर्षांचा, सहा फुटी पोरगा. अखेरची मॅच होती त्याची, पुढच्या महिन्यात नोकरीसाठी मुंबईला जायचा होता. "मावशी," तो म्हणाला, "गाडीत कुणाशी बोलली नाहीस ना?"

आणि मी म्हणाले, "मराठीतून एक शब्दही नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी नेहमीसारखं ठसक्यात बोलतेय.

सव्वीसला सकाळी झेंडावंदनाच्या गर्दीतून निसटून मी टांगा केला आणि मैदानावर गेले. सुभेदार एकटेच वाकून चुन्याच्या फक्कीने गोलची रेघ मारत होते. मफलर गोलपोस्टाच्या आडव्या दांडीवर होता. स्वच्छ धुतलेला, वाळत घातलेला.

मी इंग्रजीत सुरुवात केली. काल जे बोलले त्याबद्दल, वगैरे.

"मराठीत बोला बाई," ते मान वर न करता म्हणाले. "उगं पडदा कशाला?"

मग मराठीत बोलले. मराठीत ते फार लहान वाक्य झालं. "माझं चुकलं. पण त्या पोराच्या खांद्याचा फायदा घेऊ नका."

"ऐकलं ते आता न ऐकल्यासारखं करू?" ते सरळ झाले, हात झटकले. "तुमी पोराला सांगितलं का, की मला ठावं हाय?"

"नाही."

"का?"

त्यांनी फक्कीचं घमेलं उचललं.

"त्याला आधी सांगा जा. आमी बॉल कुठं मारायचा ते आमचं आमी बघू."

मॅच चारला होती. साडेतीनला, सगळा संघ बूट बांधत बसलेला असताना, मी सॅमीसमोर उभी राहिले आणि सांगितलं. बसमधलं, मफलरचं, कालच्या उत्तराचं, सगळं. कॅप्टन म्हणाला, "मावशी, तुम्ही कॅम्पकडून खेळताय का?" आणि बूट आपटून बाहेर गेला. सॅमीने जर्सीखालचा पट्टा सोडला आणि जर्सीच्या वरून बांधायला लागला. एका हाताने जमेना, तेव्हा माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "बांध. आता काय लपवायचंय?"

मी बांधला.

मैदानाच्या कडेला बायका चर्चच्या खुर्च्यांवर, पुरुष भिंतींवर, पोरं लिंबाच्या झाडावर. शिट्टी वाजायच्या आधी इतकं शांत झालं की झेंड्याच्या दोरीचा आवाज ऐकू येत होता. मी फक्त सॅमीकडे बघत होते. तो गोलच्या मधोमध उभा राहिला, मग एक पाऊल डावीकडे सरकला. तिथेच थांबला. पूर्वार्ध संपला, बाजू बदलल्या, पुन्हा तो डावीकडे एक पाऊल.

उत्तरार्धात कॅम्पच्या पोराने जमिनीलगत बॉल मारला. उजवीकडे. चांगल्या बाजूला. सॅमी झेपावला, आणि एक पाऊल कमी पडला. एक-शून्य. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी नगरच्या बाहेर एका मळ्यात आम्ही कॅम्पला हुरडा खाऊ घातला. तुम्ही जानेवारीत गेलात तर हे चुकवू नका. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळून गरमगरम द्यावी लागतात, सोबत लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. आमच्या पोरांनी तोंडं पाडून वाढलं आणि कॅम्पच्या पोरांनी प्रत्येक घासाला "वा! चटणी झेपली!" म्हटलं. सुभेदारांना वाढायला मी गेले. दुसरं कुणी जाऊ नये असं मला वाटत होतं.

"पोराचा खांदा कसा हाय?"

"बरा आहे." मग राहवलं नाही. "सुभेदार, तुम्ही तुमच्या मुलांना सांगितलं होतं का?"

त्यांनी हुरड्यावर फुंकर मारली. "बाई, गोल कुठनं झाला?"

"उजवीकडून."

"मग?" म्हणाले, आणि चटणीसाठी हात पुढे केला.

सांगितलं होतं की नव्हतं? की मला सॅमीकडे पाठवलं तीच त्यांची चाल होती? परतीच्या गाडीत शिरूरपर्यंत मी हाच हिशेब करत होते. पेरूवाल्यांसमोर, कंडक्टरसमोर, एक शब्द न बोलता. शिरूरला चहा घेताना रीना म्हणाली, "मावशी, गोल कुणीही खातं. तू दादाशी खोटं का बोललीस?" मी कप धुवायच्या निमित्ताने उठले. टपरीवर कप आपण धुवत नसतो.

घरी येऊन बॅग उघडली तर तळाशी पट्टा होता. सॅमीने धुऊन घडी करून ठेवलेला. बसमध्ये मी बेसावध होते, तेवढं मी स्वतःला माफ केलंय. पण "मराठीतून एक शब्दही नाही" हे वाक्य मी नीट जुळवून, व्याकरणशुद्ध बोलले होते. आयुष्यभर मुलींना वाक्यरचना शिकवली, त्यातलं ते माझं सर्वांत चोख वाक्य.

सॅमी आता पन्नाशीचा आहे. दर सव्वीस जानेवारीला त्याचा फोन येतो. मी तब्येत ठीक आहे म्हणते. तो विचारतो, "मावशी, हे कुठल्या भाषेतून?"