एका रानाच्या तीन पट्ट्या

औंधची यमाई पाहून पुढे विट्याकडे जायचं असेल, तर मला वाट विचारा, मी हौसेनं सांगतो. मात्र मी स्वतः त्या वाटेनं पहिल्यांदा एकटा गेलो तो देवदर्शनाला नव्हे, शेताच्या वाटण्यांना. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वडील नुकतेच वारले होते आणि त्यांच्या जागी मला उभं राहायचं होतं.

पुण्याहून साताऱ्यापर्यंत एसटी बरी. पुढे रहिमतपूरच्या आसपास ऊस दिसतो. औंधला गाडी बदलायची, तेव्हा स्टँडवर भजी खाऊन घ्यावी. त्या काळी रुपया मोडला तरी चिल्लर परत येई. तिथून पुढे हिरवं संपतं आणि खिडकीतून नुसता धुरळा. विट्याच्या अलीकडे फाट्यावर थोरले चुलते, आबा, बैलगाडी घेऊन आले होते. त्यांनी मला आधी तोंड धुवायला लावलं, मग ओळख दाखवली.

शेती आबाच करत. मधले अण्णा मद्रासहून आले होते, तिकडे त्यांचं सोनं गाळायचं दुकान. रात्री भाकरी-खरडा झकास होता.

सकाळी रानात गेलो. आमच्याकडे वाटे थोरल्यानं पाडायचे आणि धाकट्याच्या घरानं आधी उचलायचे, म्हणजे पाडणाऱ्याला लबाडी करता येत नाही. रान उताराचं. वर मुरूम, खाली ओढ्याजवळ काळी माती. आबांनी वरपासून खालपर्यंत तीन उभ्या पट्ट्या आखल्या होत्या. आडवे तुकडे केले तर, असं मी विचारलं.

"मंग वरला मुरूम कुनाला देऊ? तुला का अण्णाला?" आबा म्हणाले.

वडील तिघांत धाकटे, म्हणून उचलायची पहिली पाळी माझी. मी मधली पट्टी घेतली, अण्णांनी रस्त्याकडची, उरली ती आबांची. दुपारपर्यंत मधे दगडांचे बांध पडले.

मग आबांनी चार बैलांचा नांगर जुंपला. उताराला नांगर आडवा धरावा लागतो, नाहीतर पावसात माती ओढ्याला जाते. बैल कुठे चालीला लागतात तोच बांध आला. कसेबसे वळवले, की पलीकडचा बांध. दोन फेऱ्यांत आबांनी जू उतरवलं. मी म्हटलं, माझ्या पट्टीतनं खुशाल वळवा.

"आज तू व्हय म्हनतूस रं. उद्या तुजी पोरं न्हाई म्हनतील. हितनं फुडं उबंच नांगरायचं. माती जाईल ती जाईल."

पुण्यात परतल्यावर आईनं पहिलं विचारलं, भांडणं झाली का? नाही म्हटल्यावर तिनं देवापुढे साखर ठेवली.

पुढे दरवर्षी जात राहिलो. वरच्या अंगाला आधी खडे दिसू लागले, मग खडक. तिन्ही पट्ट्यांत अगदी सारखा. फार वाईट वाटतं. त्या दिवशी आमच्यातला एक जण तरी भांडायला हवा होता. हट्टाला पेटून अडून बसला असता, तर रान एक राहिलं असतं.