उड्या मारणारी अक्षरं

ऑइलपेंटचा वास आला की मला सांगलीतलं वहिनीचं भडंगाचं दुकान आठवतं. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक जमलं नाही तर दुकान बंद, असं दादानं तिला बजावलं होतं, आणि गिऱ्हाईक न जमण्याचं पुण्य माझ्या पदरात होतं, कारण पाटी मी केली होती. कॉम्प्युटर नवा शिकलेलो. जाड, सरळ, गंभीर अक्षरं निवडली. एकानं आत येऊन चक्क विचारलं, "उत्पन्नाचा दाखला हितंच मिळतो न्हवं?" शेवटी वहिनीनं एका म्हाताऱ्या पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, "आधी भडंग करा, बगू द्या." कढईत लाल तिखटात उसळणारे चुरमुरे त्यानं टक लावून पाहिले आणि पट्टी-पेन्सिल न घेता थेट ब्रश उचलला. भ पोट पुढं काढून हसला, ड एका पायावर नाचला, त्याच्यावरचं टिंब शेंगदाणा होऊन उडालं. मी म्हटलं, "आवं, वरची रेघ तरी सरळ!" "सरळ रेघ दवाखान्याला काढतो, गड्या. हितं चुरमुरं उडाय पायजेत." रंग ओला असतानाच बाजाराची पिशवी घेतलेली एक आजी थांबली. "मला वाचाय येत न्हाई बाई, पण कायतरी लय चरचरीत दिसतंय. दे पावशेर." वहिनीनं पावशेर तोलून वर एक मूठ जादा घातली. मी आजही पोटासाठी दिवसभर कॉम्प्युटरवर अक्षरंच बडवतो. पण वाचता न येणाऱ्याला भूक लागेल असं एकही अक्षर अजून माझ्या हातून उतरलेलं नाही.